जाड रेघेचं गोंदण

रेडिओवर बसून चित्राविषयी बोलायचं, ही तशी पंचाईतच. त्यातून ते चित्र माझ्या स्वतःच्या डाव्या दंडावर आहे. इथे स्टुडिओत मी बाही वर करून बसलो आहे खरा, पण त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. तेव्हा सांगतो. एक पक्षी आहे. पाठ निळी-काळी, गळा लाल, शेपटी कात्रीसारखी दुभंगलेली, पंख पसरलेले. पक्षीनिरीक्षक तिला भिंगरी म्हणतील, आम्ही लहानपणी पाकोळी म्हणायचो. थंडीत विजेच्या तारांवर ओळीनं बसलेल्या दिसतात, त्यातलीच ती. माझ्या सासूबाई मात्र शेवटपर्यंत तिला पोपट म्हणत राहिल्या. पक्ष्याच्या खाली बोटाच्या पेराएवढा एक काळसर डाग आहे. तो डाग नव्हे, ते माझं नाव आहे. त्याची गोष्ट नंतर येईल.

मी आयुष्यभर व्यापारी जहाजांवर इंजिनिअर होतो. हा पक्षी १९७८ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच बंदरात माझ्या दंडावर येऊन बसला. इतक्या वर्षांत त्याची आठवण काढायचं काही कारण पडलं नव्हतं. ते गेल्या दिवाळीत पडलं. माझ्या पुतण्याची मुलगी, म्हणजे माझी नातच, फोनवर एक चित्र घेऊन आली. तिची आजी, म्हणजे माझ्या वहिनी, दोन वर्षांपूर्वी गेल्या. वहिनींची सही तिला मनगटावर गोंदवून घ्यायची होती. पोस्टाच्या पासबुकात आहे तशीच, तेवढ्याच आकाराची, केसाएवढ्या बारीक रेघेत. तिच्या वडिलांनी साफ नाही म्हटलं होतं. घरात गोंदलेला पुरुष मी एकटाच, म्हणून अपील माझ्याकडे आलं.

‘‘आजोबा, तुमचं हे ओल्ड स्कूल आहे ना?’’ तिनं माझ्या दंडाकडे बघत विचारलं. हा शब्द मला नवा होता. ती म्हणाली, आता टॅटूच्या दुकानांत या पद्धतीला असंच म्हणतात आणि पुष्कळ तरुण मुलं मुद्दाम हीच मागतात. मी चाळवलो गेलो आणि गेले काही महिने हाती लागेल ते वाचत बसलो. आज जे सांगणार आहे, ते थोडं त्या वाचनातलं आहे आणि थोडं पाहिलेलं.

ओल्ड स्कूल म्हणजे जुनी शाळा नव्हे. गाण्यातल्यासारखं एक घराणंच म्हणा. अमेरिकेच्या बंदरांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते आकाराला आलं आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत भरात होतं. त्याची ओळख अगदी सोपी. बाहेरची रेघ काळी आणि चांगली जाड. आत काळ्याचीच दाट सावली. मग लाल, हिरवा, पिवळा, तपकिरी असे मोजके रंग, आणि मध्ये मोकळी सोडलेली कातडी. विषयही ठरलेले. नांगर, गलबत, गुलाब, खंजीर, हृदय, गरुड, साप, वाघाचं तोंड, पाकोळी, आणि एक देखणी बाई. हृदयावर एक फीत आणि त्या फितीवर बहुधा ‘आई’. दुकानाच्या भिंतीवर ही सगळी चित्रं तक्त्यांवर मांडलेली असत. त्या तक्त्यांना ‘फ्लॅश’ म्हणतात. गिऱ्हाइकानं बोट दाखवायचं आणि खुर्चीत बसायचं. आपल्या जत्रेत गोंदणारा बसतो, त्याच्यामागे विंचू, महादेव, मारुती यांचा बोर्ड असतो. तसाच हा प्रकार.

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, काय ही ढोबळ चित्रं! मलाही तसंच वाटलं होतं. ती ढोबळ का आहेत, हे कळायला मात्र बरंच मागे जावं लागतं.

‘टॅटू’ हा शब्द युरोपात आला तो ताहिती बेटावरून. १७६९ साली कॅप्टन कुकचं जहाज तिथे गेलं, तेव्हा तिथल्या लोकांचा ‘टाटाऊ’ हा शब्द खलाशांनी उचलला. युरोपात त्याआधी गोंदणं अजिबात नव्हतं असं नाही. जेरुसलेमच्या यात्रेला गेलेले ख्रिस्ती यात्रेकरू हातावर क्रूस गोंदवून परत येत. पण खलाशी आणि गोंदण ही जोडी जमली ती याच सुमाराला, आणि लवकरच तिला एक कारण मिळालं. हौसेपेक्षा ते फार निकडीचं होतं.

त्या काळात ब्रिटिश आरमाराला माणसं पुरत नसत. मग भर समुद्रात अमेरिकन जहाज थांबवायचं, ‘हा आमचाच पळालेला खलाशी’ असं म्हणायचं आणि माणूस उचलून न्यायचा. बोली दोघांची इंग्रजीच. सिद्ध कसं करणार? अशी हजारो माणसं नेली गेली आणि १८१२ साली दोन देशांत युद्ध झालं, त्याच्या कारणांत हेही एक होतं. यावर उपाय म्हणून १७९६ साली अमेरिकेनं कायदा केला. बंदरातल्या जकात अधिकाऱ्याकडे जायचं, २५ सेंट भरायचे, की नागरिकत्वाचा दाखला मिळे. त्यावर नाव, वय, उंची, रंग लिहिलेला असे. पण कागद तो कागद. हरवतो, भिजतो, विकलाही जातो. म्हणून दाखल्यावर अंगावरच्या खुणाही लिहायला लागले. हा व्रण, तो तीळ, आणि उजव्या हातावर अमुक अक्षरं, डाव्या हातावर नांगर. दाखला माणसाचा आहे, याची साक्ष त्याच्या कातडीनं द्यायची. आयरा डाय नावाच्या अमेरिकन नौदलातल्या निवृत्त अधिकाऱ्यानं १७९६ ते १८१८ या काळातले असे दाखले बारकाईनं तपासले आणि १९८९ साली त्यावर लेख लिहिला. त्यात भरणा आहे तो नावांच्या आद्याक्षरांचा. मग सालं, नांगर, हृदय, क्रूस. हे सगळं जहाजावरच कुणीतरी सोबत्यानं सुया एकत्र बांधून, शाईत नाहीतर ओल्या केलेल्या बंदुकीच्या दारूत बुडवून टोचलेलं.

एवढं वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं.

कारण १९७७ साली मी फोर्थ इंजिनिअर असताना आमच्या जहाजावर कोकणातलाच एक ऑइलर होता. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याचं नाव सांगत नाही, त्याच्या घरची माणसं आहेत. युरोपातल्या एका बंदरात ऐन हिवाळ्यात तो रात्री किनाऱ्यावरून परतताना गँगवेवरून पाण्यात पडला. सकाळी हजेरीला नव्हता. जहाज आणखी दहा-बारा दिवस तिथेच दुरुस्तीला होतं. नवव्या दिवशी बंदराचे पोलीस आले. त्यांना डॉकच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी सापडलं होतं. चेहऱ्यावरून ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं. एका पोलिसानं हातावरच्या खुणा कागदावर उतरवून आणल्या होत्या. त्याला ती अक्षरं आहेत हे कळलं होतं, कुठली ते कळत नव्हतं. शिरोरेषेचे तुकडे झाले होते, काने भलतीकडे गेले होते. कागद त्यानं माझ्या हातात दिला तोही उलटा. मी तो सुलटा केला आणि वाचलं.

हे नाव त्याच्या आईनं तो सात-आठ वर्षांचा असताना जत्रेत गोंदवून घेतलं होतं. पोर गर्दीत हरवलं तर सापडावं म्हणून. हे त्यानंच मला एकदा इंजिन रूममध्ये हसत हसत सांगितलं होतं.

असो. आता यंत्राकडे येतो, ते माझ्या आवडीचं आहे.

खलाशानं खलाशाला टोचण्याचं हे काम न्यूयॉर्कमध्ये दुकानात आलं. जर्मनीतून आलेला मार्टिन हिल्डेब्रँट हा त्यातला सुरुवातीचा मोठा कारागीर. अमेरिकेच्या यादवी युद्धात आपण दोन्ही बाजूंच्या सैनिकांना गोंदलं, असं तो सांगत असे. पण त्याचंही काम हातानंच. १८७६ साली एडिसननं एका विजेच्या लेखणीचं पेटंट घेतलं. तिच्या टोकाशी एक सुई, वर एवढीशी मोटर, आणि सुई सेकंदाला सुमारे ५० वेळा खालीवर व्हायची. कागदाला बारीक भोकं पाडून स्टेन्सिल करायचा आणि त्यावरून शाई फिरवून प्रती काढायच्या, हा हेतू. कचेऱ्यांत ती लेखणी फार टिकली नाही. पण न्यूयॉर्कच्या बावरी भागात सॅम्युअल ओ’रायली नावाचा गोंदणारा होता. कागदाला भोकं पाडणारी सुई कातडीवर चालवली तर, असं त्याच्या डोक्यात आलं आणि ८ डिसेंबर १८९१ रोजी त्यानं गोंदण्याच्या यंत्राचं पहिलं अमेरिकन पेटंट मिळवलं. कचेरीतल्या यंत्रानं असा जन्म बदलला. पुढे १९०४ साली त्याच वस्तीतल्या चार्ली वॅग्नरनं विद्युतचुंबकाच्या यंत्राचं पेटंट घेतलं. शाळेची विजेची घंटा आठवा. चुंबक पट्टी ओढतो, पट्टी ओढली की सर्किट तुटतं, पट्टी परत येते, पुन्हा ओढली जाते. टोल्याच्या जागी सुई बसवली की झालं गोंदण्याचं मशीन. आपल्या जत्रेत बॅटरीवर गुणगुणतं ते यंत्र मी एकदा त्या माणसाच्या परवानगीनं उघडून पाहिलं आहे. आत तीच घंटा.

हातानं टोचताना ठिपक्याशेजारी ठिपका येतो. यंत्रानं सलग रेघ ओढता येऊ लागली. जाड, न थरथरणारी. ओल्ड स्कूल हे या रेघेचं अपत्य आहे. त्याला दुसरी गरज होती घाईची. पगाराच्या दिवशी जहाजं लागली की दुकानासमोर रांग. प्रत्येकाला मनातलं चित्र विचारत बसलात तर धंदा बुडेल. म्हणून भिंतीवर तक्ते आले, आणि असे तक्ते काढून विकणाऱ्यांत लू अल्बर्ट्स या कारागिराचं नाव आवर्जून घेतलं जातं. चित्र शंभरदा, हजारदा काढलं जायचं. दर वेळी एखादी नको असलेली रेघ गळून पडायची. जात्यावरची ओवी घासून घासून गुळगुळीत होते, तसं हे चित्र शेवटी इतकं मोजकं झालं की त्यातून काढण्यासारखं काही उरलं नाही.

मधल्या काळातल्या गमती पुष्कळ आहेत. १९०९ साली अमेरिकन सरकारनं परिपत्रक काढलं की अंगावर अश्लील गोंदण असलेल्या माणसाला नौदलात घ्यायचं नाही. पण गोंदणात दुरुस्ती करून आणली तर विचार करता येईल. झालं! दंडावर उघडीवाघडी बाई घेऊन फिरणारे तरुण दुकानांत धावले आणि वॅग्नर वगैरे मंडळी त्या बायांना कपडे शिवून देऊ लागली. हे वाचून हसू येतं, पण आपल्याकडेही सैन्यभरतीत गोंदण कुठे चालतं आणि कुठे नाही याचे नियम आहेत. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी दुकानात शिरण्यापूर्वी ते बघावेत.

दुसरी गोष्ट मॉड वॅग्नरची. ही सर्कशीत कसरती करणारी बाई. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात तिची गाठ गस वॅग्नर या गोंदलेल्या भटक्या खलाशाशी पडली. त्यानं भेटायला बोलावलं. भेटेन, पण गोंदायला शिकवायचं, अशी अट तिनं घातली, असं सांगतात. पुढे त्यांचं लग्न झालं. यंत्रं आली तरी दोघं हातानंच टोचत राहिली. त्यांची मुलगी लहानपणापासून उत्तम गोंदायची, पण तिच्या स्वतःच्या अंगावर एक ठिपकाही नव्हता. मुलीला गोंदायचं नाही, असं आईनं वडिलांना बजावलं होतं. वडील गेल्यावर मुलगी म्हणाली, त्यांनी नाही तर कुणीच नको. चित्रानं भरलेल्या घरात ही एक कोरी पाटी.

आणि या घराण्याचा सर्वांत गाजलेला माणूस म्हणजे नॉर्मन कॉलिन्स, उर्फ सेलर जेरी. जन्म १९११. त्याचं दुकान होनोलुलूत. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या आघाडीवर जाणारे लाखो सैनिक या गावातून गेले. तिथल्या हॉटेल स्ट्रीट भागात दारू, बायका आणि गोंदण या तिन्हींच्या रांगा असत. त्या रांगेतल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांतली किती परत आली असतील! पाकोळीविषयी खलाशांत सांगतात, की ५,००० सागरी मैल झाले की एक गोंदवायची. आणि पाकोळी घरी परत येते, म्हणून तीच निवडायची. पायावर डुक्कर आणि कोंबडा गोंदला तर माणूस बुडत नाही. बोटांवर ‘घट्ट धर’ अशा अर्थाची आठ इंग्रजी अक्षरं असली तर दोर हातून सुटत नाही. हे नियम प्रत्येक बंदरात थोडे वेगळे ऐकू येतात, तेव्हा मैलांच्या हिशेबाला फार धरून बसू नये. मागचं भय मात्र सगळीकडे एकच आहे.

सेलर जेरी स्वभावानं तिरसट, पण कामात कमालीचा काटेकोर. जपानी गोंदण्याच्या उस्तादांशी त्यानं पत्रव्यवहार केला, त्यांची शिस्त उचलली, नवे रंग आणले, आणि सुया निर्जंतुक करण्याबद्दल फारसं कुणी बोलत नव्हतं तेव्हा त्याचा आग्रह धरला. ही बाब साधी नव्हे. जुन्या दुकानांत एक बादली, एक स्पंज आणि सगळ्यांना त्याच सुया, असा कारभार चाले. न्यूयॉर्क शहरानं १९६१ साली गोंदण्यावर बंदी घातली. कारण दिलं ते हेपॅटायटिस बी या काविळीचं. ती बंदी १९९७ साली उठली. ज्या शहरात हे यंत्र जन्मलं, तिथे ३६ वर्षं ते चोरून चालत होतं. जुन्याचं कौतुक करताना ही बादली विसरायची नाही. नातीला मी सगळ्यात आधी हेच सांगितलं, की सुई डोळ्यांदेखत नव्या पाकिटातून निघाली पाहिजे.

जेरी १९७३ साली वारला. त्याच्या मित्रांत डॉन एड हार्डी होता. हा छापचित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेला तरुण. त्यानं आणि त्याच्यासारख्यांनी ही कला जपली आणि पुढे नेली. आता सेलर जेरी नावाची रम मिळते. एड हार्डीच्या वाघांचे टी-शर्ट २००० नंतरच्या दशकात जगभर खपले, आपल्याकडच्या फुटपाथवरही त्यांच्या नकला दिसायच्या. बादलीशेजारी बसून पोट भरणाऱ्यांचं काम असं छातीवर आलं खरं, पण धुतलं की जाणारं. मला ते पाहून काही आनंद झाला नाही.

आता माझा दंड. ऑइलर गेल्यानंतर वर्षभरानं आम्ही लाँग बीचला होतो. मी दारू प्यालो नव्हतो, हे मुद्दाम सांगतो, कारण ही चित्रं दारूच्या भरात काढली जातात असा समज आहे. मी विचार करून गेलो होतो. मला माझं नाव हवं होतं, मराठीत. दुकानदार म्हातारा, हात कोपरापर्यंत चित्रांनी भरलेले. तो म्हणाला, नाव काढीन, पण मला ही लिपी येत नाही, तू लिहून दे. मी बॉलपेननं कागदावर लिहून दिलं, नेहमीच्या सहीएवढं. त्यानं कागद हातभर लांब धरला आणि मान हलवली. ‘‘तिप्पट मोठं लिही, नाहीतर लिहूच नकोस.’’

मला तिप्पट मोठं नको होतं. दोन कारणं. मोठ्याला पैसे जास्त, आणि मोठं असलं तर आईला दिसेल. ती अंगावर नाव असलेला मुलगा कशासाठी हवा असतो, हे जाणणारी बाई होती. मी हट्ट धरला. तो वैतागला आणि म्हणाला, मग त्याच्यावर एक पक्षी घे, निदान तो तरी राहील. भिंतीवरच्या पाकोळीवर त्यानंच बोट ठेवलं.

त्यानं दंडावरचे केस काढले, व्हॅसलिन चोळलं, कोरलेल्या पारदर्शक पट्टीवर कोळशाची पूड घासली आणि पट्टी दंडावर दाबली. पट्टी उचलली तर खाली पाकोळीच्या रेघा उमटलेल्या. मग यंत्र सुरू झालं. दुखलं का, तर हो. ऊन लागलेल्या कातडीवर कुणी नखानं ओरखडत राहावं तसं. पक्ष्याला पाऊण तास लागला. नाव लिहिताना एक गंमत झाली. आपण अक्षरं काढतो आणि मग वर रेघ मारतो. त्यानं आधी शिरोरेषा ओढली, एका दमात, आणि मग एकेक अक्षर तिला टांगत गेला. त्याच्या दृष्टीनं ती तार होती.

ती अक्षरं पाच-सात वर्षं छान होती. मग त्यांची पोटं बुजायला लागली. थ कुठला आणि य कुठला ते कळेना. आज तिथे एक निळसर-काळा ढग आहे आणि त्याच्यावर पाकोळी अजून उडते आहे. लाल फिकट झालाय, निळ्याचा काळा झालाय. पण वीस फुटांवरून माझ्या सासूबाईंना निदान तो पक्षी आहे एवढं कळायचं.

असं का होतं, याचं उत्तर मला आता मिळालं. सुई शाई सोडते ती कातडीच्या आतल्या थरात. शरीर तिला परकी वस्तू समजतं आणि तिच्यावर भक्षक पेशी धावतात. त्या शाईचे कण गिळतात, पण ते पचवता येत नाहीत, म्हणून पोटात घेऊन तिथेच बसतात. २०१८ साली फ्रान्समध्ये मार्सेयच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की अशी पेशी मरते तेव्हा तिच्यातली शाई सुटते आणि शेजारची नवी पेशी ती उचलते. म्हणजे आपण ज्याला पक्कं गोंदण म्हणतो, ते हातातून हातात दिलेलं ओझं आहे, जन्मभर. या देवाणघेवाणीत आणि कातडीच्या सैल होण्यात रेघ वर्षागणिक थोडी थोडी पसरते. बारीक रेघ आधीच अशक्त, ती पुसट होते. दोन रेघा जवळ असल्या तर एकमेकींत मिसळतात. जाड रेघ पसरली तरी जाड रेघच राहते, आणि मधली मोकळी जागा तिला पसरायला वाव देते. रंग उडाले तरी काळा सांगाडा उरतो. इंजिनाच्या भागांवर नंबर घालायचा तर आम्ही पंचानं खोल ठोकत असू. सुबक अक्षरांत कोरलेला नंबर गंज आणि तेलाखाली दोन वर्षांत हरवतो. म्हाताऱ्यानं कागद हातभर लांब का धरला होता, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. त्या दिवशी कसं दिसतं हे तो पाहत नव्हता. मी आजच्या वयाचा झाल्यावर कसं दिसेल, ते पाहत होता.

नातीला मी एवढं सगळं सांगितलं नाही. वहिनींच्या सहीवर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि बारीक पेन्सिलीनं ती उतरवली. मग त्याच रेघांवरून स्केचपेन फिरवलं आणि म्हटलं, ही तुझ्या पन्नाशीतली सही. वेलांट्या बुजल्या होत्या, आडनाव गेलं होतं. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली. काही बोलली नाही.

मग मी तिला विचारलं, ‘‘आजीच्या हातावर काय होतं, आठवतं का?’’

‘‘हिरवं काहीतरी होतं,’’ ती म्हणाली. फोटोंत शोधलं. प्रत्येक फोटोत वहिनींचा हात पदराखाली, नाहीतर कुणाच्या तरी खांद्यामागे. वहिनींच्या माहेरी त्या नऊ वर्षांच्या असताना गोंदणारीण आली होती, तिनं उजव्या हातावर तुळशीवृंदावन काढलं होतं. काजळीनं भरलेलं, म्हणून कातडीखालून हिरवं दिसायचं. सुयांची जुडी बांधून टोचलेलं, म्हणून रेघ जाड. सत्तर वर्षं ते स्पष्ट वाचता येत होतं. त्या बाईनं लाँग बीचचं नाव ऐकलेलं असण्याचं कारण नाही. मी आठवून कागदावर काढलं. चौकोनी ओटा, वर तीन फांद्यांची तुळस, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिपके.

पुतण्या आतल्या खोलीत टीव्ही बघत होता. मला वाटत होतं, त्याचं आमच्याकडे लक्ष नाही. तो उठून बाहेर आला, चष्मा कपाळावर ढकलला आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

‘‘चार होते, काका,’’ तो म्हणाला. ‘‘एकेका बाजूला चार. झोपताना मोजायचो मी.’’

त्यानं दोन ठिपके वाढवले आणि परत जाऊन बसला. परवानगी त्यानं अजून दिलेली नाही. कागद मात्र नातीच्या पाकिटात आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)